नावं ठेवणाऱ्यांच्या बाजूने

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी याच सदरात एका वाचकांनी बागेतल्या झाडांच्या पाट्यांबद्दल लिहिलं आहे. जुन्या पाट्या काढून नव्या लावल्या, त्यांवरची लॅटिन नावं बदलली, रंगाऱ्याचं बिल झालं, अशी त्यांची तक्रार. बिलाबद्दल मी काही बोलत नाही. पण जाता जाता त्यांनी एक टोला मारलाय, की या वनस्पतिशास्त्रवाल्यांना नावं ठेवण्यापलीकडे उद्योग नाही आणि ठेवलेली नावंही धड टिकवता येत नाहीत. कोटी चांगली आहे. आमच्या डिपार्टमेंटमध्ये एफवायची मुलं दर वर्षी ती करायची आणि दर वर्षी आपणच पहिल्यांदा केली असं समजायची.

मी शास्त्रज्ञ नाही. १९८० पासून ३३ वर्षं उपनगरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक होतो. मुलं मला मामा म्हणत. स्लाइडा धुणं, स्पिरिट मोजून देणं, सहलीहून आलेली झाडं दाबणं, वाळवणं, कागदावर चिकटवणं, जाड देठ असेल तर दोऱ्याने टाचणं ही माझी कामं. नाव ठेवणारे वेगळे. ज्याला नाव ठेवायचं त्याला मी पाटावर बसवून द्यायचो. तेवढ्या हक्कावर हे पत्र लिहितोय. लांबलंय, कात्री लावायची तर लावा, फक्त शेवटचा भाग ठेवा.

गेल्या महिन्यात आमच्या नातीचं बारसं झालं. पाळणा सजवायला फुलं आणायची म्हणून पहाटे भांडुपहून पहिल्या लोकलने दादरच्या फूल मंडईत गेलो. झेंडू, शेवंती, गुलछडी घेऊन झाली. सुनेने फोनवर एक चित्र पाठवलं होतं, फिकट जांभळं, पाकळ्यांवर पाकळ्या असलेलं, गुलाबासारखं फूल. एका गाळ्यावर ते दिसलं. मी विचारलं हे काय. पोरगा म्हणाला, 'लिझिअँथस, काका. जपानचा गुलाब समजा.'

मी म्हटलं, हा गुलाब नाही आणि लिझिअँथसही नाही. ही किराईताची, त्या तापावरच्या कडू औषधाची, बहीण आहे.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि म्हणाला, 'घ्यायचं असेल तर बोला.'

घेतलं. पण मी सांगितलं ते खरं होतं, आणि त्या पोराची चूकही नव्हती. चूक, तिला चूक म्हणायचं तर, दोन-अडीचशे वर्षं जुनी आहे.

झालं असं. १७५६ साली पॅट्रिक ब्राऊन नावाच्या डॉक्टरने जमैका बेटावरच्या वनस्पतींवर पुस्तक काढलं, त्यात 'लिझिअँथिअस' हे नाव पहिल्यांदा आलं. पुढे वनस्पतींना दोन शब्दी नावं देण्याची पद्धत बसवणाऱ्या लिनियसने त्यातला एक 'इ' गाळून 'लिझिअँथस' केलं. मग जे व्हायचं ते झालं. आपल्या घरात एक खण असतो ना, ज्यात जुन्या किल्ल्या, रबरबँड, बंद पडलेली घड्याळं, कुणाच्या तरी चष्म्याची काडी असं सगळं जातं, तसा हा लिझिअँथस झाला. अमेरिका खंडातून किराईत कुळातलं, नळीसारख्या फुलाचं काहीही आलं, कुठे ठेवायचं कळलं नाही, की या खणात. टेक्सास-मेक्सिकोकडच्या गवताळ रानातलं एक निळसर घंटेसारखं फूलही हूकर नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने यातच टाकलं. जपानी लोकांनी पुढे त्यालाच वाढवून, दुहेरी-तिहेरी पाकळ्या आणून बाजाराचं फूल केलं. शास्त्रात त्याला त्या खणातून काढून 'युस्टोमा' या घरात ठेवलं त्याला खूप वर्षं झाली. बाजाराने मात्र जुनंच नाव धरून ठेवलंय. म्हणजे नावं टिकवतो तो बाजार. ती चुकीची का असेनात.

आता मुद्द्यावर येतो. त्या खणात सगळ्यात अवजड वस्तू होत्या त्या झुडुपांच्या.

किराईत कुळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वीतभर रोपटी येतात. पावसाळा सरताना कातळावर, गवतात उगवायची, फुलायची आणि दिवाळीपर्यंत वाळून जायची. युरोपातही या कुळाची जेंशियन म्हणजे आल्प्सच्या गवतातली निळी बुटकी फुलं. इलिरिया देशाचा जेंटियस नावाचा राजा होता, त्याने याच्या कडू मुळीचं औषध शोधलं असं जुना रोमन लेखक प्लिनी सांगतो, म्हणून कुळाला त्याचं नाव. पण दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, हजार ते तीन हजार मीटर उंचीवर, जिथे ढग रोज झाडांतून चालत जातात, तिथे याच कुळातली चक्क लाकडी खोडाची झुडुपं आहेत. माणसाच्या डोक्यावर जाणारी, काही तर लहान झाडाएवढी. पानं समोरासमोर, जाड, कधी हातभर. फुलं घंटेसारखी, रंग पिवळट, हिरवट, दुधाळ, म्हणजे दिवसा नजरेत न भरणारा. कारण त्यांची गिऱ्हाइकं रात्रीची, वटवाघळं आणि मोठे पतंग. इंग्रजीत हल्ली या झुडुपांना चंद्राचं जेंशियन म्हणतात.

यांचं शास्त्रीय नाव मॅक्रोकार्पिया. अर्थ सरळ आहे, मोठ्या फळाची. १८३९ साली ग्रीसेबाख नावाच्या जर्मन माणसाने, वय जेमतेम पंचविशीचं, सगळ्या किराईत कुळावर ग्रंथ लिहिला आणि लिझिअँथसच्या त्या खणात एक फळी मारून या झुडुपांचा कप्पा वेगळा केला. पण खण तोच. १८९५ मध्ये गिल्ग याने कप्प्यालाच स्वतंत्र कपाट केलं, म्हणजे प्रजातीचा (जवळच्या जातींच्या गटाचा, इंग्रजीत जीनस) दर्जा दिला. १९४८ मध्ये जोसेफ यूअन यांनी त्या कपाटाची पहिली नीट झाडाझडती केली. आणि मग बराच काळ तिकडे फारसं कुणी फिरकलं नाही. ढगांच्या जंगलात जायचं कुणी?

हे सगळं मला कसं माहीत, असं आपण विचाराल. आमच्या डिपार्टमेंटच्या बाईंमुळे. बाई सह्याद्रीतल्या किराईत कुळावर काम करायच्या. किलवर, एक्झॅकम, महाबळेश्वरची स्वर्टिया, ही त्याच कुळातली रोपटी. पण त्यांचं म्हणणं असं, की एका खोलीत बसून वाडा कळत नाही. म्हणून जगभरातल्या सगळ्या प्रजातींची त्यांनी कार्डं केली होती. पोस्टकार्डाएवढी, बुटांच्या खोक्यांत उभी लावलेली. परदेशातून शोधनिबंध यायचे, ते वाचून बाई टिपण काढायच्या आणि अक्षर बरं म्हणून कार्डं मी लिहायचो. इंग्रजी चौथीपर्यंत अडखळत वाचणारा माणूस लॅटिन नावं मोत्यासारखी लिहायला शिकला तो असा.

आणि ती कार्डं मी तीन वेळा लिहिली आहेत! तेव्हा नावं बदलण्याचा राग काय असतो तो त्या वाचकांनी मला शिकवू नये. १९८५ च्या सुमाराला मास नावाच्या डच संशोधकाने निर्णय दिला, की या खणातल्या बऱ्याच वेगवेगळ्या प्रजातींत फरक काही नाही, सगळ्यांना इर्लबाखिया या एका नावाखाली आणा. केलोनँथस गेला, हेलिया गेला, आणखी चार-पाच गेले. मी शंभरेक कार्डं फाडून नवी केली. पुढे दहा-बारा वर्षांनी लेना स्ट्रुवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा वेगळं काढायला सुरुवात केली. २००२ मध्ये केंब्रिजहून सगळ्या कुळाचा जाडजूड ग्रंथ आला, त्यात नवी मांडणी. बाईंनी झेरॉक्स मिळवली, तीनशे रुपये झाले, आणि माझ्या टेबलावर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा ठेवला.

त्या दिवशी मी बोललो. म्हटलं, बाई, ही माणसं भांडणारी भावंडं आहेत. एक भिंत पाडतो, दुसरा बांधतो. आपण गवंड्यासारखे मागे.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला मायक्रोस्कोपवर बसवलं.

तिथे काय होतं ते सांगायला हवं, कारण सगळी गोम त्यात आहे. फुलातली पूड, म्हणजे परागकण, आम्ही ॲसेटिक अनहायड्राइड नऊ भाग आणि सल्फ्युरिक ॲसिड एक भाग अशा मिश्रणात तापवून साफ करायचो. हे काम माझं, आणि त्याच्या वासाने माझं नाक कायमचं बिघडलं आहे. आतलं सगळं जळून जातं, उरतं ते कवच, आणि कवचावरची नक्षी. झाड वाळलं, रंग गेला, आकार चेपला तरी ही नक्षी हलत नाही. स्वीडनच्या सिवर्ट निल्सन यांनी १९७० मध्ये या लिझिअँथसच्या खणातल्या झाडांचे परागकण एकेक करून पाहिले, तर काहींचे कण सुटे सुटे, काहींचे चार-चार एकत्र चिकटलेले, काहींचे तर लाडवासारखे मोठे गोळे. एकाच खणात, एकाच नावाखाली! मॅक्रोकार्पियाचे सुटे. बाईंकडे निबंधातले फोटो होते आणि स्लाइडवर आमच्या खंडाळ्याची किलवर होती, ताडून बघायला. बाई म्हणाल्या, 'मामा, भिंत आपण बांधत नाही. ती तिथे असते. आपल्याला अंधारात लागते, कधी नाही लागत.'

पुढे नुसत्या परागकणांवर भागलं नाही. बिया आल्या. मॅक्रोकार्पियाच्या बिया भुशासारख्या बारीक, पण भिंगाखाली काहींना कडेने कंगोरा, काहींना पंख. मग डीएनए आला. आणि त्याने दर वेळी मोडतोडच केली असं नाही. ग्रीसेबाखने केवळ वाळलेल्या फांद्या पाहून जो कप्पा वेगळा काढला होता, तो पावणेदोनशे वर्षांनीही कप्पा म्हणून टिकला. हे सांगताना बाईंचा चेहरा असा व्हायचा, की जणू त्यांच्याच मुलाचा नंबर आलाय.

याच ग्रीसेबाखचं आपल्याशी एक नातं आहे. महाबळेश्वरला पठारावर पावसाळा संपता संपता पांढऱ्या फुलांची एक उंच स्वर्टिया दिसते, स्वर्टिया डेन्सिफोलिया. तिच्या नावामागे कंसात 'ग्रीसेब' असं लिहितात आणि कंसाबाहेर कश्यप हे नाव. मुलं हमखास विचारायची, मामा, हा कंस कशाला? मी सांगायचो, कंसातलं नाव म्हणजे माहेरचं. ग्रीसेबाखने तिला ओफेलिया या घरात जन्माला घातलं, पुढे कश्यपांनी स्वर्टियाच्या घरात आणलं. डेन्सिफोलिया हे तिचं पाळण्यातलं नाव दोन्हीकडे तेच. म्हणजे बघा, शास्त्रातलं नाव बदलतं तेव्हा जुनं पुसत नाहीत. कंसात सांभाळून ठेवतात. पाटी रंगवणाऱ्याने कंस गाळला तर तो दोष त्याचा.

झुडुपांकडे परत. २००० नंतर जेसन ग्रँट आणि स्ट्रुवेबाई यांनी अँडीजमध्ये जाऊन या मॅक्रोकार्पियाचा पिच्छा पुरवला. दक्षिण इक्वाडोरमध्ये पोडोकार्पस नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. २००३ मध्ये त्यांनी एकट्या त्या उद्यानातून सहा नव्या जाती जाहीर केल्या. एका उद्यानातून सहा, आणि झुडुपं माणसापेक्षा उंच! गवतात लपलेलं बोटभर रोप राहून गेलं तर समजू शकतो. आज मॅक्रोकार्पियाच्या शंभरावर जाती मोजल्या जातात. त्यांतली एक धुक्याच्या संध्याकाळी अचानक फुलासकट समोर उभी राहिली म्हणून तिचं नाव 'अपॅराटा', म्हणजे प्रकटलेली. त्यात मुलांच्या एका जादूच्या गोष्टीतल्या विद्येचाही संदर्भ आहे म्हणतात. दुसऱ्या एकीला तर रानात गाणी ऐकली त्या बँडचं नाव लॅटिन करून दिलंय. बाईंना हे अजिबात आवडलं नाही. मला आवडलं. आमच्या आळीत एका पोराचं नाव सुनील गावसकरवरून सुनील आहे आणि तो सुतारकाम करतो. कुणाचं काही बिघडलेलं नाही.

एका झुडुपापासून दुसरं वेगळं कसं काढायचं, तर पानावर लव आहे की नाही, पाकळ्यांखालचा हिरवा पेला किती लांब, त्याची कड कशी, फूल आत किती रुंद, फळ केवढं. यातलं बरंच वाळल्यावर कळतं. रंग कळत नाही. याच जंगलात सिंबोलँथस म्हणून दुसरी झुडुपी प्रजाती आहे, तिची फुलं गुलाबी, पण कागदावर दोघींची फुलं तपकिरी. म्हणून गोळा करणाऱ्याने तिथल्या तिथे वहीत लिहायचं असतं. फूल काय रंगाचं, किती वाजता उमललेलं, उंची किती. ती दोन ओळींची चिठ्ठी शीटच्या, म्हणजे झाड चिकटवलेल्या कागदाच्या, उजव्या कोपऱ्यात नसेल तर खालचं झाड म्हणजे नुसता पाचोळा.

ढगांच्या जंगलात झाड वाळत नाही, ही आणखी एक गंमत. हवाच ओली. मग तिकडचे लोक करतात ते असं: झाड वर्तमानपत्रात घालायचं, पन्नास-साठ घड्यांचा गठ्ठा बांधायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून वर स्पिरिट ओतायचं आणि तोंड घट्ट बंद. महिनाभर काही होत नाही. शहरात आल्यावर वाळवायचं. आम्ही हा प्रयोग एका जुलैत आंबोलीला केला. आंबोली माझ्या मामाच्या गावापासून जवळ, पावसाचं मला नवल नव्हतं, पण ढग खोलीत शिरून अंथरूण भिजवतात हे बाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. परतताना सावंतवाडीच्या एसटीत कंडक्टरला वास आला. गोव्याची हद्द जवळ. त्याने पिशवीकडे बोट केलं, 'मामा, किती खंबे?' मी पिशवी उघडली. आत पेपर, पेपरात पाला. तो म्हणाला, 'दारू प्यायला पाल्याला दिली?'

आपल्याकडेही या कुळातलं एक झुडूप आहे, हे त्या वाचकांना सांगा. फॅग्रिया सिलॅनिका. दक्षिणेकडच्या घाटात, सदाहरित रानात आणि शोला जंगलात सापडतं, कधी दुसऱ्या झाडावर बसून वाढतं. जाड चकचकीत पानं, मोठी, दुधाळ, सुवासिक फुलं. शोला म्हणजे आपलं ढगांचं जंगलच. या फॅग्रियाला कुचल्याच्या नातलगांत, लोगॅनिएसी कुळात धरत. १९९४ पासून ते किराईत कुळात आलं. म्हणजे अँडीजमधल्या चंद्राच्या झुडुपांशी त्याचं लांबचं का होईना नातं निघालं. आणि सेंट झेवियर्सचे फादर सांतापाव, ज्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९५३ चा, त्यांनी किलवरीच्या एका जातीला नावच दिलं कॅन्स्कोरा खंडालेन्सिस. पुण्याची गाडी पकडून आपण जिथे भजी खायला जातो, तिथलं नाव जगाच्या यादीत आहे. ज्यांना हा निरर्थक उद्योग वाटतो त्यांनी एकदा खंडाळ्याला भजी न खाता यावं.

आता 'यापलीकडे उद्योग नाही' याला उत्तर. माझी आई तापाला पालेकिराईत द्यायची. परसात होतं, हिरवं, कडूजहर. पुढे मुंबईत बायकोला ताप सारखा येई, म्हणून मी लालबागला काष्ठौषधींच्या दुकानात किराईत मागितलं. म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं, 'काडे की पाले?' मी म्हटलं, किराईत म्हणजे किराईत. तो हसला आणि दोन्ही पुड्या काढून ठेवल्या. काडेकिराईत म्हणजे हिमालयातली स्वर्टिया, खरी किराईत कुळातली. पालेकिराईत म्हणजे अँड्रोग्राफिस, तो तर अडुळशाच्या कुळातला, कारवीचा भाऊबंद. चव सारखी म्हणून नाव सारखं, बाकी दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, आतली द्रव्यंही वेगळी. दुकानदाराला फरक माहीत होता म्हणून ठीक. उद्या त्याच्या नातवाने विचारलंच नाही तर?

एवढं सांगून शेवटच्या भागाकडे येतो, ज्यासाठी खरं तर कागद पुढे ओढला.

एप्रिलमध्ये जुन्या कॉलेजातून आताच्या शिपायाचा फोन आला. हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाची, खोली रिकामी करायची आहे, तिथे पडदा आणि प्रोजेक्टर बसणार आहे, कपाटं भंगारात गेली, गठ्ठे जिन्याखाली आहेत, रद्दीवाला शनिवारी येतो. प्रोजेक्टरला माझा विरोध नाही, मुलांना दिसलं पाहिजे. कुणावर राग धरून लिहीत नाही म्हणून कॉलेजचं नावही लिहीत नाही. मी शुक्रवारी गेलो. अकरा गठ्ठे होते. तीन भिजून बुरशीने एकजीव झालेले. दोन कसरीने खाल्लेले, उचलले तर हातात भुसा आला. सहा मी रिक्षात घालून आणले. बाईंच्या कार्डांची खोकी मिळाली नाहीत.

हे सहा गठ्ठे सध्या माझ्या पलंगाखाली आहेत, डांबर गोळ्या घालून. बायको म्हणते घराला स्वच्छतागृहाचा वास येतो. त्यात बहुतेक सह्याद्रीतलं किराईत कुळ आहे. खंडाळा, माथेरान, महाबळेश्वर, आंबोली, १९८० ते २००४. चिठ्ठ्या शाबूत आहेत, तारीख, उंची, फुलाचा रंग सगळं. चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो. यांतल्या काही जागांवर आता बंगले आहेत.

माझी विनंती दोन प्रकारची. ज्या कॉलेजांत, शाळांत अशी जुनी शीटं असतील, साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचे जाड कागद, वर वाळलेलं झाड, त्यांनी रद्दीवाल्याला बोलावण्याआधी सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियमला किंवा पुण्याच्या वनस्पती सर्वेक्षणाच्या कचेरीला एक फोन करावा. ब्लॅटर हर्बेरियम १९०६ पासून आहे, लाखांनी शीटं सांभाळून आहे, काय ठेवायचं आणि काय नाही हे तिथली माणसं सांगतील. आणि उघड्या हाताने ही शीटं हाताळू नका. किडीसाठी पूर्वी मर्क्युरिक क्लोराइड लावायचे, म्हणजे पाऱ्याचं विष. आम्हीही सुरुवातीची काही वर्षं लावलंय, ब्रशने, हातमोजे न घालता, वर चहा पीत. रद्दीवाल्याच्या पोरांच्या हातात ते जाऊ नये. त्या कागदात कुणी चणे-शेंगदाणे बांधू नयेत.

दुसरी विनंती माझ्यापुरती. मी झेवियर्सला फोन केला आहे, बोलणं चालू आहे. त्यांच्याकडे न्यायच्या आधी सहाही गठ्ठे पुन्हा उलगडून, कोरड्या कागदांत घालून द्यावे लागतील. माझे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ऑगस्टमध्ये आहे. पाऊस दहा-पंधरा दिवसांवर आलाय, आमची खोली तळमजल्यावर आहे. वनस्पतिशास्त्राची दोन-तीन मुलं, मुली, भांडुपला दोन शनिवार येऊ शकली तर काम होईल. चहा-पोहे आमच्याकडे. पत्ता मी आपल्या कचेरीत देऊन ठेवला आहे, छापू नये, विचारणाऱ्याला द्यावा.

आणि एक. झाडं दाबायला आम्ही नेहमी मराठी पेपरच वापरायचो. इंग्रजी पेपरचा कागद गुळगुळीत, पाणी शोषत नाही; मराठीचा खरबरीत, चांगला. डिपार्टमेंटमध्ये आपलाच अंक यायचा, त्यामुळे या गठ्ठ्यांत जी झाडं चिकटवायची राहून गेली ती अजून आपल्याच जुन्या अंकांत आहेत. परवा एक घडी उघडली. ऑक्टोबर १९८२, खंडाळ्याची किलवर, फुलं गुलाबी अशी माझी चिठ्ठी. खाली गिरणी संपाची बातमी, दत्ता सामंतांचा फोटो, संपाला नऊ महिने झालेले. माझे वडील त्या संपात होते, लालबागला, साचेखात्यात. फोटोतल्या गर्दीवर किलवरीच्या देठाचा चौकोनी डाग उमटलाय.

झाड झेवियर्सला जाईल. पेपरचं पान त्यांना नको असतं, नवा कागद घालतात. आपल्या संग्रहात तो अंक नसेल तर माणूस पाठवून घेऊन जावा. असेल तर मी ठेवून घेतो.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
भांडुप (पूर्व), मुंबई